मागं धरणारा

अमेरिकेतल्या एका रॉक बँडचा अख्खा इतिहास मला तोंडपाठ आहे. ही गोष्ट मी वीसेक वर्षं फुशारकीनं सांगत आलो. यंदाच्या सप्ताहापासून ती सांगायची लाज वाटते.

मुखेडजवळच्या आमच्या गावातून मी अकरावीला लातूरला आलो. क्लासेसच्या गल्लीत पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. त्यातल्या एकाच्या भावानं पुण्याहून सीडी पाठवली होती. कव्हर नाही, वर स्केचपेननं नुसतं ‘इंग्लिश’ लिहिलेलं. बाकीचे तिघं दोन गाण्यांत वैतागले. मला मात्र त्या रात्रीपासून रसायनशास्त्र सुचेना. गिटारी दणदणीत होत्या, पण त्या सगळ्या गोंगाटातून चाल अशी सरळ चालत यायची की दिवसभर तोंडातून जायची नाही. शब्द निम्मेसुद्धा कळत नव्हते. त्यानं काही बिघडलं नाही.

पुढं इंटरनेट आलं आणि मी त्या बँडच्या मागेच लागलो. एका लहानशा गावातले तीन शाळूसोबती आणि एकाचा मावसभाऊ, अशी सुरुवात. पहिल्या अल्बमला कुत्रं विचारेना. दुसऱ्यातलं एक गाणं रेडिओनं उचललं आणि पोरं एकदम स्टेडियमात जाऊन उभी राहिली. तिसऱ्याला भांडण. गायकाला पियानोवरची संथ गाणी हवी होती, गिटारवाल्याला दणका. दोघांचं मन राखायला जो अल्बम केला तो दोघांनाही आवडला नाही. गायक एकटा बाहेर पडला आणि आपटला. बँडनं नवा गायक आणला, तो बरा गायचा, पण लोक जुनीच गाणी मागायचे. मग समेट, मग निरोपाचा दौरा, आणि निरोपानंतर आणखी दोन दौरे. आपल्याकडचे पुढारी निवृत्ती घेतात तसं.

माझा जीव होता बेस गिटारवाल्यावर. फोटोत हा कायम कडेला, निम्मा कापलेला. पण ध्रुवपदात जो उंच सूर लागतो, ज्यावर अख्खं स्टेडियम हात वर करतं, तो याचा. गायक ओळ सुरू करतो, हा मागून येतो आणि ती उचलून वर नेतो. टाळ्या गायकाला. एकदा कुठल्याशा अनोळखी माणसानं तो सूर गायकाच्या नावावर लिहिला, तर मी त्याच्याशी इंटरनेटवर तीन दिवस भांडलो. ‘ऐकायला कान लागतात,’ असंही सुनावलं. पुढं या बेसवाल्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि शेवटच्या दौऱ्यात त्याला घेतलं नाही. त्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून मुलांचा क्लास लवकर सोडून दिला. मी लातूरलाच फिजिक्स शिकवतो. एका दिवाळी अंकात मी त्याच्यावर लांबलचक लेखही लिहिला. तो अकरा वेळा तपासला, कुठं एक साल इकडचं तिकडं होऊ नये म्हणून.

आता अप्पांकडे येतो. अप्पा म्हणजे माझे वडील. कोरडवाहू शेती केली आणि चाळीसएक वर्षं गावच्या शिवभजनी मंडळात जात आले. लहानपणी मी घरी अंथरुणात पडलेला असायचो आणि देवळावरच्या भोंग्यातून अप्पांचा उंच आवाज यायचा. दहा आवाजांतून तो ओळखू यायचा. गाणारे अप्पाच, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. देवळात जाऊन कधी बसलो नाही. शाळेत असताना अभ्यास होता, नंतर लातूर होतं, आणि शिवनाम सप्ताह आला की माझी हटकून टेस्ट सिरीज असायची.

यंदा मंडळानं सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी अप्पांचा सत्कार करायचं ठरवलं. अध्यक्षांचा फोन आला. “सर, तुमी लेखक मानूस. अप्पाचं मानपत्र तुमीच लिवा.”

मी लिहिलं. दोन लेक्चरांच्या मधल्या अर्ध्या तासात. अप्पांना फोन करून काही विचारलं नाही, त्यांना आधी कळायला नको अशी माझी मीच समजूत घातली. खरं सांगायचं तर विचारण्यासारखं काही असेल असं वाटलंच नाही. ‘मंडळाचे मुख्य गायक’, ‘आपल्या सुमधुर गायनाने पंचक्रोशी भारावून टाकणारे’, ‘सत्तरीतही तोच खणखणीत सूर’ असली वाक्यं कुठल्याही मानपत्रात असतात, तीच घातली. लातूरला सोनेरी किनारीचा कागद घेऊन छापलं, फ्रेम केली आणि गाडीत टाकून गावी गेलो.

दुपारी महाप्रसादाच्या आधी मंडपात सत्कार झाला. अप्पांच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. शेजारी मंडळातले बाकीचे बसलेले, त्यांत आमचे गुरुजीही. याच गुरुजींनी मला पहिलीत हात धरून अक्षरं गिरवायला शिकवली होती. मानपत्र मीच माईकवरून वाचलं, चांगला आवाज लावून. ‘मुख्य गायक’ म्हणालो तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. पखवाजवाला खाली बघून हसला. मला वाटलं, कौतुकानं. सुराबद्दलचं वाक्य आलं तेव्हा मंडळातल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, भरून आलं.

वाचून झालं तसे अप्पा उठले. माझ्या हातातून माईक घेतला.

“पोराचं चुकलं,” ते म्हणाले. “गानारे गुर्जी हायत. पयल्यापासून त्येच गातेत. त्येंनी ओळ म्हनली की म्या निस्ता मागं धरतो.”

आणि त्यांनी खांद्यावरची शाल काढून गुरुजींच्या अंगावर घातली. गुरुजींनी ती लगेच परत अप्पांना गुंडाळली. “राहू दे,” ते म्हणाले. “लेकरू हाय. त्येला काय ठावं.”

लेकराचं वय त्रेचाळीस. मंडप हसला, कुणी वाईट हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं. जेवणाच्या पंगतीत मी वाढायला उभा राहिलो, म्हणजे कुणासमोर बसावं लागणार नाही. फ्रेम कुणीतरी देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवली होती, छापलेली बाजू आत करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होईना. बॅटरी बसली होती. म्हणून एसटीनं निघालो. अप्पा फाट्यापर्यंत सोडायला आले. बसला वेळ होता, तिथल्या कट्ट्यावर टेकलो.

“अप्पा, मला माहीत असायला पाहिजे होतं,” मी म्हणालो.

“तू कुठं बसलास कवा भजनात?” त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. ते खरंच आठवून बघत होते.

माफी मागायचं धाडस नव्हतं म्हणून मी खिशातून मोबाईल काढला, इयरफोन त्यांच्या कानात बसवला आणि त्या उंच सुराचं गाणं लावलं. अप्पांनी डोळे मिटले. पहिलं ध्रुवपद आलं तसं त्यांचं बोट वर गेलं.

“ह्यो गानारा येगळा. अन् वरचा येगळा. त्यो मागं धरून राहिला, न्हाई का?”

जे कळायला मला बँडच्या ढीगभर मुलाखती वाचाव्या लागल्या होत्या, ते त्यांना एका कडव्यात कळलं. “हाव,” मी म्हणालो.

“कोन हाय त्यो?”

मग मी सांगायला लागलो. त्याचं गाव, त्याचा मावसभाऊ, पहिल्या अल्बमची फजिती, भांडण, समेट, सगळं. अप्पा मन लावून ऐकत होते. ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा त्यांनी कानातला इयरफोन काढला.

“मंग आता लागतो का वरचा त्याला?”

“नाही. बंदच झालं त्याचं गाणं.”

अप्पांनी इयरफोन माझ्या हातात दिला. मग त्या माणसाची नि त्यांची जुनी ओळख असावी तसं म्हणाले, “माजाबी लागंना दोन सालापासून. घसा धरून येतोय. गुर्जी आता माज्यासाठी पट्टी खाली घेतेत.”

सत्तरीतही तोच खणखणीत सूर. हे मी माईकवरून वाचलं होतं, सगळ्या गावासमोर, त्यांच्यासमोर. मुख्य गायकाची चूक त्यांनी दुरुस्त केली होती. ही त्यांनी तशीच सोडून दिली होती.

“डॉक्टरला दाखवलं?” मी विचारलं.

“दावलं की मुखेडला.” बस वळणावर दिसली तसे ते उठले, माझी पिशवी हातात घेतली आणि पाठीवर थाप मारली. “लई म्हाईती ठिवलीस रे त्या मानसाची. परक्याची येवढी कोन ठिवतंय?”

ते मनापासून कौतुक करत होते. मी बसमध्ये चढलो आणि लातूरच्या अलीकडचं चाकूर येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसलो.