मागच्या सीटवरची डोकेदुखी

‘‘कांबळेसाहेब, ही किल्ली घ्या आणि गाडी तुमच्याकडंच ठेवा. मला नको.’’

आप्पांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवून ते दाराशी जाऊन उभे राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांचा चेहरा मुलीची सोयरीक मोडून आल्यासारखा दिसत होता.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. बेळगावात एका डीलरच्या सर्व्हिस वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर होतो. मूळ निपाणीचा. वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. मी डिप्लोमा करून गाड्यांच्या पोटात शिरलो. त्या दिवसांत छोट्या हॅचबॅक गाड्या नव्यानंच आल्या होत्या. हॅचबॅक म्हणजे जिला मागं वेगळी डिकी नसते. मागची काच आणि दार एकच, ते वर उचलायचं, आणि आत सामानाची जागा थेट मागच्या सीटला लागून.

लोकांना या गाडीचं कौतुक फार आणि तक्रारी त्याहून जास्त. इंडिकेटर लावायला जावं तर वायपर फिरतो. पुढचा कप्पा उघडला की गुडघ्यावर आपटतो. फेटेवाले पाहुणे मागं बसले की फेटा मांडीवर. एका बाईंनी चोकच्या बटणाला पर्स अडकवायची सवय लावून घेतली होती. चोक म्हणजे थंड इंजिन चालू करताना जास्त पेट्रोल सोडायची सोय. पर्सच्या वजनानं तो दिवसभर ओढलेला, आणि बाईंचे यजमान रोज आम्हाला विचारायचे, गाडी इतकं पेट्रोल पिते कशी? अशा तक्रारी आम्ही हसत हसत सोडवायचो. गाडी गुणी होती. घरात नव्यानं आलेल्या सुनेसारखी, तिच्या सवयी कुणाला माहीत नव्हत्या इतकंच.

आप्पांची तक्रार मात्र या यादीत बसत नव्हती. आप्पा बेळगावच्याच शहापूर भागातले साड्यांचे व्यापारी. घरात अजून दोन माग चालू. गल्लीतली पहिली गाडी त्यांची. महिन्यातून एक-दोनदा साड्यांचे गठ्ठे मागं टाकून ते निपाणी-चिकोडीच्या दुकानदारांकडं जायचे. निपाणीत त्यांची एकुलती एक लेक सुनंदा दिली होती, त्यामुळं फेरी दुहेरी कामाची.

पहिल्यांदा ते आले ते घरच्यांसाठी. ‘‘आमच्या आक्काचं डोकं चढतंय बघा गाडीत. निपाणीपातूर गेलं की मळमळतंय.’’ आक्का म्हणजे त्यांची बायको, घरीदारी सगळे तिला आक्काच म्हणत. मी गाडी बघितलीसुद्धा नाही. म्हटलं, नव्या रेक्झिनचा वास आहे, जाईल. मागं बसणाऱ्यानं खिडकी थोडी उघडी ठेवावी. आप्पा विश्वासानं मान हलवून गेले.

दुसऱ्यांदा आले ते सुनंदासाठी. तिला दिवस गेले होते. एका कार्याला आप्पांनी तिला गाडीतून बेळगावला आणलं, परत पोचवलं. दोन्ही वेळेला ती वाटेत आजारी पडली. येताना उलट्या. जाताना संकेश्वरला गाडी थांबवून तिला एका ओट्यावर निजवावं लागलं. सगळे म्हणाले, डोहाळे. आप्पांना ते पटलं नव्हतं. घरी असताना तिला काही होत नाही, म्हणाले.

या वेळी मी गाडी नीट तपासली. सायलेन्सरचे सगळे जोड बघितले, कुठं गळती नाही. कार्बोरेटर सेट केला. स्वतः काकतीपर्यंत चालवून आणली. फुलासारखी गाडी. जॉब कार्डावर लिहिलं, फॉल्ट मिळाला नाही. मॅनेजर देसाई सही करताना म्हणाले, ‘‘येन्री, काय हो कांबळे, बाई गरोदर आहे, गाडी नाही. दुसरी कामं बघा.’’ मीही हसलो. ते हसणं मला पुढं बरेच दिवस टोचत होतं.

आणि आता ही किल्ली.

‘‘झालं काय, आप्पा?’’

‘‘सातवा लागलाय सुनंदाला. म्हायेरी आणायची हाय. पयलं बाळंतपण आमच्याकडंच न्हाय का? पर तिच्या सासूनं सांगून धाडलंय, त्या गाडीतनं आमची सून पाठवणार न्हाय. गाडीला काय तरी बाधा हाय म्हणती. यष्टीनं न्या, न्हायतर इथंच बाळंत होऊ दे.’’ ते थांबले. ‘‘साहेब, मी ही गाडी घेतली ती पोरगीला सुखानं आणायला-न्यायला. तीच बसायची न्हाय तर मला काय करायची हाय?’’

दोन वेळा हा माणूस माझ्याकडं आला आणि दोन वेळा मी त्याला बोलून परत पाठवला होता. मी विचारलं, ‘‘निपाणीला कधी जाताय?’’

‘‘उद्या. व्याह्यांशी बोलायला पायजे, आणि चार गठ्ठे बी द्यायचेत.’’

दुसऱ्या दिवशी रविवार. मी म्हटलं, ‘‘मलाही आईला भेटायला निपाणीला जायचंय. मला न्या. पण मी मागं बसणार. सुनंदा बसते तिथं.’’ आणि किल्ली त्यांच्या हातात परत दिली.

सकाळी शहापुरात त्यांच्या दारात पोचलो. आप्पा पांढऱ्या कापडात बांधलेले गठ्ठे मागं ठेवत होते. मग त्यांनी ते मागचं दार दोन्ही हातांनी धरलं, देव्हाऱ्याचं झाकावं तसं हळूच खाली आणलं, तळव्यांनी जरा दाबलं आणि नमस्कार केला. मला बरं वाटलं ते बघून. आमच्या वर्कशॉपमध्ये पोरं दारं अशी आपटतात की भिंती हलाव्यात. इतकंच मनात आलं, पुढचं काही आलं नाही. इतकी वर्षं गाड्यांत काढून मला तेवढी अक्कल नव्हती.

आप्पा चालवायला, मी मागं. माझ्याच सल्ल्याप्रमाणं खिडकी चार बोटं उघडी ठेवली. वंटमुरीचा घाट उतरेपर्यंत गप्पा चालल्या होत्या. पुढं माझं डोकं जड झालं. वाटलं, नाश्ता न करता निघालो म्हणून असेल. हत्तरगीच्या पुढं कानशिलं ठोके द्यायला लागली. आप्पा पुढून काही विचारत होते आणि मला उत्तर द्यायचा कंटाळा येत होता. संकेश्वर आलं तेव्हा मी कसाबसा म्हणालो, ‘‘थांबवा.’’

उतरलो. रस्त्याकडेला उभा राहून पाच-दहा मिनिटं नुसता श्वास घेतला. मळमळ जरा ओसरली. आणि मग मला घाम फुटला. कारण मला डोहाळे लागणं शक्य नव्हतं.

गाडीच्या मागं जाऊन दारावर हात टेकला. दार हललं. कडीत अडकलेलं होतं, पण हलत होतं. खालच्या बाजूला करंगळी जाईल एवढी फट. दार उघडलं. गठ्ठ्यांच्या पांढऱ्या कापडाला फटीच्या बरोबर समोर काळसर पट्टा उमटला होता. कडेची धूळ नव्हे, काजळी.

या दाराच्या लॉकला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर दार नुसतं अडकतं, दुसऱ्यावर रबरावर घट्ट बसतं. दुसऱ्या टप्प्यासाठी आपटावं लागतं. पहिल्यावरच राहिलं तर गाडी काही सांगत नाही, दिवा नाही, घंटी नाही. आणि चालत्या गाडीच्या मागं हवा उलटी आत ओढली जाते. एसटीत मागच्या बाकावर बसलेल्याला हे सांगायला नको, मागं उडालेली धूळ त्याच्याच तोंडावर येते. इथं धुळीबरोबर सायलेन्सरचा धूर येत होता. त्यातला वाईट भाग, कार्बन मोनॉक्साईड, त्याला ना वास ना रंग. आप्पांच्या शेजारची खिडकी पूर्ण उघडी असायची, म्हणून त्यांना कमी लागायचं. मागं बसणाऱ्यानं खिडकी थोडी उघडली की तिच्यातून आतली हवा बाहेर ओढली जाते आणि मागून धूर जास्त ओढला जातो. म्हणजे माझ्या सल्ल्यानं आजार वाढला होता. आणि वर्कशॉपमध्ये आमची पोरं दार आपटायची, म्हणून तिथं फॉल्ट कधी सापडणारच नव्हता.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. ते ऐकता ऐकता मैलाच्या दगडावर बसले.

‘‘म्हंजी पोटुशा पोरीला मीच धूर पाजला व्हय?’’

‘‘तुम्ही न्हाय, आप्पा. तुम्ही दोनदा विचारायला आलतासा. मी ऐकलं न्हाय. चूक माझी हाय.’’

‘‘बाळाला काय झालं असंल का हो?’’

‘‘मला माहीत न्हाय,’’ मी म्हटलं. खोटा धीर द्यायची माझी छाती झाली नाही.

आप्पांनी गुडघ्यांवर हात टेकले. मग उठून म्हणाले, ‘‘दावा मला, कसं लावायचं.’’ मी दार उचलून धाडकन आपटलं. आप्पा दचकून एक पाऊल मागं गेले. स्वतः करायला गेले आणि अर्ध्यावर हात थांबला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

‘‘न्हाय जमायचं. लक्ष्मी हाय ती. आमच्यात मागाला पाय लागला तर पाया पडतो आम्ही. हिला आपटू कशी?’’

मी एवढ्यावर वाद घातला असता तर आप्पांनी चार दिवस आपटलं असतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा हळूच लावलं असतं. माणूस साठीला आलेला, हात त्याचे तसेच राहणार. गाडी मात्र पान्यानं बदलता येते. माझ्या पिशवीत पाने होते. दारातलं लॉक ज्यात अडकतं त्या कडीचे बोल्ट सैल केले, कडी किंचित सरकवली, दाराला दाबून धरणारी दोन रबरी बटणं आत फिरवली. लावून बघायचं, उघडायचं, परत सरकवायचं. तासभर गेला. शेवटी आप्पांनी दोन्ही तळव्यांनी दार दाबलं तेव्हा टक आवाज आला आणि पाठोपाठ दुसरा टक. ‘‘दोन टक ऐकल्याशिवाय गाडी हलवायची न्हाय,’’ मी म्हटलं. पुढं निपाणीपर्यंत मी मागंच बसलो. डोकं दुखत होतं ते उतरत गेलं.

सुनंदाच्या सासूबाईंना मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पायात चपला घातल्या.

‘‘आदी मी बसतो मागं. चिकोडीला जाऊन येऊ. मला काय झालं न्हाय तर बघू.’’

गेलो. चिकोडीला आप्पांनी दुकानदाराला गठ्ठे दिले, सासूबाईंनी चहा घेतला, परत आलो. घरात पाऊल टाकताना त्या आतल्या दिशेनं म्हणाल्या, ‘‘सुनंदा, लुगडी भर गं पिशवीत. जा तुझ्या बापाबरबर.’’ आप्पा तोंडावर रुमाल धरून अंगणात गेले.

बेळगावला पोचल्यावर मी आप्पांना घेऊन सुनंदाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो आणि काय घडलं ते सांगितलं. त्यांनी तपासलं, ठोके चांगले आहेत म्हणाल्या. बाकीचं बाळंतपणाच्या वेळीच कळेल. ते दोन महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मॅनेजर विचारायचे, कांबळे, लक्ष कुठं आहे? मी सांगायचो, घरचं काम आहे.

एका सकाळी आप्पा पेढे घेऊन वर्कशॉपच्या दारात उभे. मी पेढ्याला हात लावला नाही.

‘‘रडलं का लगेच?’’

‘‘रडली!’’ आप्पा म्हणाले. ‘‘लेक झाली. असली रडली, रस्त्यावरची माणसं आत डोकावली.’’

मी स्पेअर पार्टच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि दहा मिनिटं बाहेर आलो नाही.

नंतर माझ्या हाताखाली पुष्कळ पोरं तयार झाली. प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. गाडी चालवून बघायची ती तक्रार करणारा जिथं बसतो तिथं बसून. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हे कुठं लिहिलेलं नाही. मॅन्युअल लिहिणारे बहुतेक पुढच्या सीटवर बसत असावेत.