मृणालची पहिली भेट आणि सावंतची एनओसी

निवृत्त कारकुनाच्या घरी किस्से जमतात ते कपाटावर रिकामे खोके जमतात तसे. टाकवत नाहीत, आणि कधी उपयोगी पडतील सांगता येत नाही. मी मस्कतच्या गाला भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत जन्मभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. आता अल् खुवैरला मुलाकडे राहतो आणि दर शुक्रवारी सकाळी वादी अदाईला सावंतकडे करक चहा प्यायला जातो. त्यामुळे साठा वाढताच आहे. या उन्हाळ्यातले खोके मात्र सगळे एकाच मापाचे निघाले, कारण सावंतच्या मृणालला सैन्यात ऑफिसर व्हायचं होतं.

सावंत मूळचा कुडाळकडचा, गालातल्या एका गॅरेजचा फोरमन. चहाला तिसरा डिमेलो, वसईचा, हॉटेलात बँक्वेट सांभाळतो. मृणाल मस्कतलाच वाढली, आता पुण्यात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. सुट्टीत आली आणि तिने चहाच्या ट्रेबरोबरच बातमी ठेवली. कॉलेजात भरतीच्या एक मेजर मॅडम येऊन बोलून गेल्या होत्या. खरी निवड, परीक्षा, धावणं, सगळं पुढे. आधी व्हिडिओवर एक भेट, ज्याला रस आहे त्याच्याशी.

"मला रस आहे," मृणाल म्हणाली. "बाबा, जाऊ ना?"

सावंतने बशीत चहा ओतला. "इन्शाल्ला," म्हणाला.

मृणालचा चेहरा उतरला. आमच्या कंपनीचा अर्बाब, म्हणजे मालक, इन्शाल्ला म्हणाला की त्या वर्षी पगारवाढ नाही, एवढं तर शिपायालाही कळायचं.

*

सावंतचा विरोध म्हणजे आरडाओरडा नव्हे. तो 'नाही' म्हणत नव्हता, 'हो'ही म्हणत नव्हता. आमच्याकडे मालकाने एनओसी दिल्याशिवाय माणसाला दुसरी नोकरी धरता येत नसे. मालक नाही कधीच म्हणायचा नाही. कागद फक्त सहीला पडून राहायचा.

"तू तिचा बाप आहेस की अर्बाब?" मी विचारलं.

"अर्बाबला एवढी काळजी असते काय?" सावंत म्हणाला.

वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजी, त्यांका काय विचारू नका. रात्री झोपत नाहीत नि सकाळी माका सांगतत, एसीचा आवाज येता."

*

तयारी मात्र जोरात सुरू झाली, कारण परवानगी नसली तरी तयारीला कुणाची हरकत नव्हती. माझ्याकडे कागदपत्रं आली. मी मृणालचे दाखले प्लास्टिकच्या पाकिटांत घातले, वर लेबलं लावली, फाइलला दोरी बांधली.

"काका, मीटिंग ऑनलाइन आहे. फाइल कोण बघणार?"

"कुणी नाही. पण हाताशी फाइल असली की माणसाचा आवाज बदलतो."

"तुमचा बदलायचा?"

"माझ्याकडे फाइल साहेबांची असायची," मी म्हणालो.

*

डिमेलोने रंगीत तालीम घेतली. तो स्वतः मेजर मॅडम झाला. मिशांसकट. मृणालने दारावर टकटक केली, आत आली, ताठ उभी राहिली. डिमेलो झटकन उठला आणि त्याने तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली.

"अंकल, मेजर कँडिडेटला खुर्ची ओढून देत नाहीत."

"मग कसली मेजर?" डिमेलो म्हणाला. "मॅनर्स नको?"

दुसऱ्यांदा तो हट्टाने बसून राहिला. मृणालने उत्तरं छान दिली. लीडरशिप, डिसिप्लिन, सगळं इंग्रजीत, अडखळणं नाही. शेवटी डिमेलोने वही मिटली, मान झुकवली आणि सवयीने विचारलं, "अँड एनी फूड ॲलर्जीज, मॅडम?"

*

मग गावाचा विषय निघाला. मेजर मॅडम मराठी आहेत, तेव्हा 'गाव कुठलं, तिथे काय आहे' असं हटकून विचारतील, हे सावंतचं मत. विरोध करणाऱ्याला इतकी मतं असलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"गावाबद्दल बोल," तो म्हणाला. "मराठीत."

मृणालने डोळे मिटले. "आमच्या गावात... एक विहीर आहे. ती डीप आहे. आणि नेटवर्क नाही आहे."

"हे भारतीय सैन्याला सांगायचं?"

"बाबा, खरं बोलायचं असतं."

"पाणी कुठे आहे ते सैन्याला कळलं तर बरंच की," मी म्हणालो. सावंतने माझ्या कपात दुसऱ्यांदा चहा ओतला नाही.

*

सर्वांत गाजला तो धावण्याचा प्रकार. मस्कतमध्ये माणूस कोपऱ्यावर दही आणायलासुद्धा गाडीने जातो. मृणाल पहाटे धावायला निघाली तर सावंत तिला एकटी सोडेना आणि त्याला स्वतःला धावता येईना. त्याने तोडगा काढला. ती पुढे धावायची आणि हा मागून गाडी चालवायचा, माणसाच्या वेगाने, दोन्ही इंडिकेटर चालू ठेवून.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक ओमानी गृहस्थ आपली गाडी बाजूला घेऊन उतरले. आधी धावणाऱ्या मुलीकडे बघितलं, मग मागून सरपटणाऱ्या गाडीतल्या सावंतकडे. काच खाली करायला लावली आणि समजुतीच्या सुरात हिंदीत म्हणाले, "सदीक, दोस्त, बेटी गुस्सा है? तुम सॉरी बोलो. गाडी में बिठाओ."

सावंतने सगळं समजावलं. मुलगी फौजेत जाणार आहे, प्रॅक्टिस चालू आहे.

"माशाल्ला," गृहस्थ म्हणाले. "और तुम क्यों नहीं भागता?"

पुढे ते रोज त्याच वेळी दिसायचे आणि मृणालला पाण्याची बाटली द्यायचे. सावंतला कधी दिली नाही.

गंमत म्हणजे शुक्रवारी आम्ही पोचायचो तेव्हा मृणाल आंघोळ करून ताजीतवानी, आणि सावंत घामाने निथळत सोफ्यावर.

"धावतं कोण तुमच्यात?" डिमेलोने विचारलं.

"गाडीचा एसी गेलाय," सावंत म्हणाला.

गालातल्या निम्म्या गाड्यांचे एसी हा माणूस दुरुस्त करतो. त्यावर आम्ही महिनाभर जगलो.

*

भेटीच्या आदल्या शुक्रवारी मेजर मॅडमना आपण काय विचारायचं याची चर्चा झाली. गल्फमध्ये केस पांढरे केलेल्या लोकांची चर्चा ती. डिमेलोला जेवण मेसचं की स्वतःचं हे हवं होतं. मला सुट्टी आणि तिकीट. मृणाल डोकं धरून बसली. "काका, ही आर्मी आहे. एजंट नाही."

सावंतने बशी खाली ठेवली. म्हणाला, "पासपोर्ट."

मृणालला कळलं नाही. आम्हाला कळलं. सावंत नवा आला तेव्हा त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. पासपोर्ट अर्बाबच्या कपाटात, कपाटाची किल्ली अर्बाबच्या खिशात, आणि अर्बाब उन्हाळ्याचा थंड हवेला सलालाला. लग्नाची कॅसेट त्याने मागाहून माझ्या घरी बसून बघितली होती. हे सांगताना आम्ही एरवी हसतो. त्या दिवशी कुणी सांगितलं नाही.

*

भेट शनिवारी झाली. मृणालच्या पाठीमागच्या भिंतीवर डिमेलोने हॉटेलातला पांढरा टेबलक्लॉथ ताणून लावला होता. मिक्सर लावू नये म्हणून वहिनींना स्वयंपाकघराबाहेर बसवलं होतं. आम्ही तिघे लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने. सावंतने टाय बांधला होता. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मेजर मॅडम हसतमुख निघाल्या. गाव विचारलं. मृणालने विहीर सांगितली, नेटवर्क नाही हेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "माझ्याही गावात नाही." फाइल मृणालच्या मांडीवर होती आणि आवाज खणखणीत होता. मी डिमेलोकडे पाहिलं.

मग मॅडमनी विचारलं, "घरून होकार आहे ना?"

एवढ्या एका प्रश्नाची तालीम आम्ही घेतली नव्हती. मृणालने लॅपटॉपच्या वरून बापाकडे पाहिलं. खोटं बोलणारी ती मुलगी नव्हे.

सावंत उठला, वळसा घालून तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. पडद्यावर टाय आला, तोंड आलं नाही. मृणालने लॅपटॉपचा पडदा मागे कलवला.

"मॅडम, मी हिचा वडील. एक विचारू?"

"विचारा ना."

"पासपोर्ट कोण ठेवून घेतं?"

मॅडम क्षणभर गोंधळल्या. "पासपोर्ट? कुणी नाही. तिचा तिच्याकडेच."

"घरी कार्य असलं तर सोडतात?"

"रजा मागावी लागते. लढाई चालू नसेल तर देतात."

सावंतने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता, पण मान डोलावली.

"मग खलास, मिटलं," सावंत म्हणाला. "माझी एनओसी आहे. मॅडम, पोरगी चांगली धावते. मी रोज मागून गाडीतून बघतो. दम लागला तरी थांबत नाही."

मॅडम हसल्या. "ती मस्कतच्या उन्हाळ्यात धावते, आणि तुम्ही गाडीत?"

"होय, मॅडम," सावंत म्हणाला. "एसी बंद करून."