खरा चंद्र डोक्यावर येईपर्यंत

माझं लग्न एकदा चंद्रामुळे मोडता मोडता राहिलं. यात चंद्राची काहीच चूक नव्हती. तो तर त्या वेळी तिथं नव्हताच!

विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात, आम्ही नवा फ्लॅट घेतला होता त्या सुमाराची ही गोष्ट. नवा म्हणजे भिंतींचा रंग नवा. पाणी टँकरचं आणि वीज तिच्या मर्जीची. घरात मी आणि आई. मी मुंबईत एका विमा कचेरीत कारकून, पण शिक्षण बी.एस्सी. फिजिक्स, सेकंड क्लास. (पाहुण्यांसमोर आई सेकंड क्लास गाळायची.) कचेरीत फिजिक्सला कुणी विचारत नसे, त्यामुळे ते माझ्या पोटात साचून राहायचं आणि कुणीही सापडलं की बाहेर पडायचं. भर उन्हात डांबरी रस्त्यावर पाणी चमकल्यासारखं दिसलं, की मी शेजाऱ्यांना थांबवून मृगजळ समजावून सांगत असे. पुढं पुढं शेजारी मला बघून रस्ता ओलांडायला लागले.

अशात मामानं आगाशीचं स्थळ आणलं. केळीच्या वाडीवाले तात्या आणि त्यांची धाकटी मुलगी शुभदा. मुलगी मी एकदाच पाहिली होती, बशीच्या पलीकडून, आणि ती मला इतकी आवडली की बशीत पोहे होते की उपमा हे मला घरी येऊन आईला सांगता येईना. पत्रिका जुळली, उंची जुळली. अडचण एकच उरली, ती म्हणजे तात्यांची संकष्टी.

तात्या संकष्टीला दिवसभर नुसत्या पाण्यावर राहायचे. थोरल्या दोन्ही मुलींची लग्नं ठरवताना त्यांनी मुलाच्या घरी जाऊन उपास सोडला होता. "ज्या घरात माझा उपास विनाविघ्न सुटतो, त्या घरात माझी मुलगी सुखात राहते," असं ते ठामपणे सांगत. एका ठिकाणी म्हणे नैवेद्याच्या ताटात झुरळ निघालं आणि तात्या चपला घालून तडक आगाशीला गेले!

मामानं मला बजावलं, "दिन्या, तुझ्याकडून कुणाला काही नकोय. मोदक वाढायचे आणि गप्प बसायचं. तोंड उघडायचं ते खाण्यापुरतं!"

"मी कशाला बोलतोय?" मी म्हणालो. (आईनं तेव्हाच देवापुढं साखर ठेवली.)

मार्गशीर्षातली संकष्टी होती. तात्या आणि शुभदा संध्याकाळीच मामाबरोबर आले. आईनं उकडीचे मोदक केले होते, एकेका मोदकाच्या कळ्या मोजून घ्याव्यात असे. तात्यांनी घर पाहिलं, देवघर पाहिलं, बाथरूममधली पाण्यानं भरलेली पिंपं पाहिली आणि मान डोलावली. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात वीज गेली. "बरंच झालं," तात्या म्हणाले, "गच्चीवर जाऊ. चंद्र छान दिसेल." आईनं अर्घ्याचा तांब्या घेतला, ताम्हन घेतलं आणि आम्ही पाचही जण वर गेलो.

आणि काय सांगू! सगळं विरार काळोखात होतं. एकाही खिडकीत दिवा नाही. लांब पूर्वेच्या डोंगरांच्या कडेवर आधी नुसती तांबूस धग दिसली. मग एक काठ वर आला, आणि बघता बघता तो भलामोठा नारिंगी चंद्र डोंगरावर टेकला. खालून किंचित चेपलेला, कडा थरथरणाऱ्या, जणू कढईतून आत्ताच काढलाय. कुणी बोलेना. मामासुद्धा बोलेना! इतकी वर्षं पुस्तकात वाचलेलं सगळं माझ्यासमोर डोंगरावर येऊन बसलं होतं, आणि शेजारी शुभदा तोंड अर्धं उघडं ठेवून तिकडं बघत होती. अशा वेळी माणसानं गप्प राहायचं असतं, हे मला आज कळतं.

"गंमत म्हणजे," मी म्हणालो, "तो चंद्र तिथं नाहीये."

मामानं अंधारात माझा दंड पकडला. पण उशीर झाला होता.

"नाहीये म्हणजे?" तात्यांनी विचारलं. ते अर्घ्य द्यायला हात पुढं करून उभे होते.

"म्हणजे प्रकाश हवेतून येताना वाकतो. म्हणून आपल्याला चंद्र आहे त्यापेक्षा वर दिसतो. आत्ता दिसतोय त्यातला थोडा भाग खरं तर अजून डोंगराच्या मागेच आहे!"

तात्यांनी हात मागे घेतला. "कशावरून?"

आता इथं 'चेष्टा केली' म्हणून सुटता आलं असतं. पण कशावरून, असं मला कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं! मी धावत खाली गेलो, पातेलं आणि टॉर्च आणला, पातेल्याच्या तळाला रुपया ठेवला. तात्यांना म्हटलं, "मागे सरका. अजून सरका. रुपया दिसेनासा झाला?"

"झाला."

"तिथंच थांबा, हलू नका." आणि मी पातेल्यात पाणी ओतलं. रुपया अलगद वर आल्यासारखा दिसायला लागला.

"आयला!" तात्या म्हणाले. दिवसभराच्या उपासाला हा शब्द शोभणारा नव्हता, पण मला तो पदवीदान समारंभासारखा वाटला.

"दिनू," आई दातओठ खात म्हणाली, "ते अर्घ्याचं पाणी होतं."

तात्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते पातेल्याभोवती फिरत होते. "आमच्या वाडीत शिंपणाचं तळं आहे. त्यात बांबू घातला की मोडल्यासारखा दिसतो. तोच प्रकार?"

"तोच, तोच!"

"अस्सं." तात्या ताठ उभे राहिले. "मग हा चंद्र खोटा. खोट्या चंद्रावर मी उपास सोडत नाही. खरा कधी येतो?"

आता मला माझं सेकंड क्लास ज्ञान आवरून घ्यायला हवं होतं. दोन-चार मिनिटं, असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण शुभदा ऐकत होती, आणि तिच्यासमोर मला अगदी बिनचूक उत्तर द्यायचं होतं.

"तसं बघितलं तर," मी म्हणालो, "चंद्र वर चढेल तसतशी ही चूक कमी कमी होत जाते. अजिबात चूक नको असेल, तर तो बरोब्बर डोक्यावर यायला हवा."

"आणि डोक्यावर कधी येतो?"

"पहाटे... तीन-साडेतीनला."

तात्यांनी शांतपणे पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बैठक मारली. "थांबू मग."

मामा गयावया करायला लागला. "अहो तात्या, आगाशीची शेवटची एसटी जाईल! आणि हा गाढव आहे, याचं काय ऐकता?"

"गाढव कसा? मी डोळ्यांनी रुपया पाहिला."

"अहो, मोदक उकडीचे आहेत," आई रडवेली होऊन म्हणाली. "गार झाले की चिरतील."

"चिरू देत. झुरळ तर नाही ना?"

मी पण विनवून पाहिलं. म्हटलं, फरक अगदी नगण्य असतो, नखाएवढासुद्धा नाही. तात्या म्हणाले, "देवाच्या कामात नखाएवढं खोटंही चालत नाही. तुम्हीच सांगितलंत म्हणून, नाहीतर मी पाप करून बसलो होतो." आणि त्यांनी हात जोडून मला नमस्कार केला! होणारा सासरा माझे आभार मानत होता आणि माझं लग्न माझ्या डोळ्यांदेखत हातातून निसटत होतं. एसटी पकडली असती, तर ते न जेवताच गेले असते. थांबले असते, तर पहाटेपर्यंत उपाशी बसून चक्कर येऊन पडले असते. दोन्हीकडून उपासाला विघ्न ठरलेलं. मी चंद्राकडे पाहिलं. तो मजेत वर चढत होता. मला तर ढसाढसा रडावंसं वाटत होतं.

तेव्हा शुभदा पुढं आली. आतापर्यंत ती एक अक्षर बोलली नव्हती.

"तात्या, चष्मा काढा."

"का गं?"

"काढा तर." मग ती माझ्याकडे वळली. "चष्म्याची काचसुद्धा उजेड वाकवते, हो ना?"

तिनं मला विचारलेला हा आयुष्यातला पहिला प्रश्न. मी म्हणालो, "हो." (त्या संध्याकाळचं माझं एकमेव आटोपशीर उत्तर!)

तात्यांनी चष्मा काढला आणि डोळे बारीक केले.

"किती चंद्र दिसतात?"

"तीन. नाही, चार. आणि एक डोंगरावर सांडलाय."

"त्यातला खरा कुठला?"

तात्या बोटानं एकेक चंद्र पुन्हा मोजायला लागले.

"बरं, सकाळी पंचांग कशातून वाचलंत? चष्म्यातूनच ना? वाकलेला उजेड खोटा, तर मग आज चतुर्थी आहे हे तरी खरं कशावरून? कदाचित तुम्ही पंचमीचा उपास करताय!"

मामा टाकीच्या नळाजवळ खुदकन हसला आणि लगेच खोकला. तात्यांनी चष्मा पुसला, पुन्हा चढवला आणि बराच वेळ चंद्राकडे बघत राहिले. तो आता नारिंगीचा पिवळा झाला होता. गच्चीवर सगळ्यांच्या सावल्या पडल्या होत्या.

"काय हो," तात्या हळूच मला म्हणाले, "ही हवा नसती, तर तो आपल्याला उशिरा दिसला असता ना?"

"हो. थोडा उशिरा."

"म्हणजे दिवसभराच्या उपाशी माणसांसाठी देव त्याला थोडा आधीच उचलून दाखवतो." त्यांनी चंद्राला हात जोडले. "आणि मी म्हणत होतो खोटा! शुभे, तांब्या भरून आण गं."

टँकरच्या पाण्याचं अर्घ्य झालं. अंधारातच आरती झाली. मोदक गार झाले होते, चिरले होते, आणि तात्यांनी ते एकामागून एक असे संपवले की मामाच्या वाट्याला मोजकेच उरले. हात धुताना तात्यांनी आईला सांगितलं, "मुलगा हुशार आहे. मुलगी दिली. पण घरात बोलायचं काम तिच्याकडे ठेवा." मग आम्ही सगळे रिक्षात कोंबून स्टेशनपलीकडे गेलो आणि त्यांना एसटीत बसवलं. शुभदा खिडकीतून चंद्राकडं बघत होती. मी मात्र, पहिल्यांदाच, काही न सांगता तिच्याकडं बघत उभा राहिलो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. अजूनही संकष्टीला आम्ही गच्चीवर जातो. शुभदा विचारते, "दिसला?" आणि मी म्हणतो, "दिसला." बस. एवढंच. एकदाच, मागच्या मार्गशीर्षात, तो तसाच नारिंगी होऊन डोंगरावर टेकला तेव्हा भान हरपून माझ्या तोंडून गेलं, "खरं म्हणजे तो अजून..."

खाली आल्यावर शुभदानं माझ्या ताटावर शांतपणे झाकण ठेवलं.

"डोक्यावर आला की वाढते," ती म्हणाली.

विज्ञानासाठी माणसांनी काय काय सोसलंय! मी पहाटे साडेतीनला गार मोदक खाल्ले.