गजावरची खाच

आमच्या घरी ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधी, मग गोळी नाहीतर छर्रे, आणि लोखंडी गजानं सगळं ठासायचं. परवाना सासऱ्यांचा, नेम नवऱ्याचा आणि माप माझं. बाईच्या हाती दारूचं माप कसं, असं पार मंठाळ गावापर्यंतचे पाहुणे विचारायचे. सासरे म्हणायचे, "भाजीत मीठ कोन टाकतं मग?"

माप म्हणजे बांबूची दोन नळकांडी. आखूड छऱ्यांसाठी, लांब गोळीसाठी. ससा, तितर असला तर आखूड माप आणि वर छर्रे. रानडुकराला लांब माप आणि शिशाची एकच गोळी. डुकराला छर्रे मारले तर ते मरत नाही, चिडतं. सासऱ्यांच्या मांडीवर वीतभर वण होता, तो अशाच एका चिडलेल्या डुकराचा. पावसाळ्यात दारू दमट झाली की गावातले शहाणे दोन चिमटी जास्त घालायचे. सासऱ्यांना त्याचा भारी संताप. "दमट हाय तर वाळवा की! वाढवून काय हुतंय? नळी फुटती." म्हणून मी दारूचा तुंबा, म्हणजे वाळल्या भोपळ्याचं भांडं, चुलीपासून लांब ठेवायची आणि ऊन पडलं की दारू वाळवायची.

गजावर दोन खाचा होत्या, एक छऱ्यांची, एक गोळीची. बार नीट भरला की त्याची खाच नळीच्या तोंडाशी यायची. वर राहिली तर आत काहीतरी जास्त आहे असं समजायचं. भरण्याआधी रिकाम्या नळीत गज टाकून खणखणीत आवाज ऐकायचा. आणि एक नियम: तुंबा उघडल्यापासून गज परत जागेवर जाईपर्यंत कुणी बोलायचं नाही. बोलण्यात माप चुकतं. या नियमापायी मी एकदा विंचू चावल्यावरही तोंड उघडलं नव्हतं, आणि सासऱ्यांनी ते गावभर कौतुकानं सांगितलं होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला मी नेहमीसारखं आखूड माप घातलं. पूजेच्या बंदुकीत नुसती दारू आणि चिंधी असते, आणि दसऱ्याला शिवेवर तो बार आभाळात काढतात. पण दसऱ्याच्या सकाळीच भावकीतला एक म्हातारा गेला. "सुतकात बार न्हाई," म्हणत सासऱ्यांनी बंदूक होती तशी खुंटीला अडकवली. सुतक फिटलं, तेराव्याचं जेवण झालं. बंदूक कुणाच्या ध्यानात राहिली नाही.

पुढं एके दिवशी दिवेलागणीच्या वेळी शेजारचा ओरडत आला, "डुकरं शिरल्यात ज्वारीत! बिगीबिगी चला!" नवऱ्यानं बंदूक काढली. घाईत गजाचा आवाज ऐकायचा राहिला. मी लांब माप ओतलं, चिंधीवर गोळी ठेवली, त्यांनी ठासलं. खाच नळीच्या तोंडापासून तीन बोटं वर राहिली.

मी ती पाहिली. खंडेनवमीही त्याच क्षणी आठवली, आणि माझाच हात आठवला. पण गज अजून नळीत होता. म्हटलं, गज जागेवर जाऊ दे, मग सांगते. गज गेला तोवर ते उंबऱ्याबाहेर पडले होते. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, अपशकुन होतो. मी तोंड मिटलं. अपशकुन म्हणे!

मी भाकरी थापायला बसले. बार ऐकू आला, तो नेहमीचा नव्हता, काहीतरी फाटल्यासारखा होता. तव्यावरची भाकरी मी उलटली, भाजली आणि उतरवली, तेव्हा अंगणात माणसं आली होती.

नवऱ्याचा डावा पंजा गेला, उजवा डोळा गेला. जीव वाचला. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, हिला धक्का बसलाय. धक्का वगैरे काही नव्हतं. आत काहीच नव्हतं.

नळी बुडाशी फाटली होती. त्याच वर्षी उन्हाळ्यात कमठाणा गावच्या लोहारानं तिथं जोड दिला होता. मग काय, सगळ्यांना कारण सापडलं. सासऱ्यांनी त्याला भरबाजारात शिव्या घातल्या. लोकांनी आधी बंदुका द्यायच्या बंद केल्या, मग धार लावायला कुळवाच्या पासा, मग विळेसुद्धा. बघता बघता त्याची भट्टी थंड पडली.

एक दिवस लोहार आमच्या अंगणात आला. घरात मी एकटीच ज्वारी पाखडत होते. तो खाली बसला. मी दिलेलं पाणी त्यानं घेतलं नाही.

"अक्का," तो म्हणाला, "माप तुमी घालतासा. खरं सांगा, माज्या जोडात काय चुकलं? कामून फुटली? मला झोप न्हाई."

"मला काय ठाव, अण्णा."

तो उठून गेला. पुढच्या आठवड्यात बायकोपोरांना घेऊन त्यानं गाव सोडलं. कुणी म्हणे बीदरला हमाली करायलाय. ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, आणि त्या न वाटण्याची मात्र अजून भीती वाटते.

त्या दिवशी तुंबा उघडा नव्हता. उंबऱ्याबाहेर कुणी निघालेलं नव्हतं. विचारणारा समोर बसला होता. तरीही मी बोलले नाही.