निवाऱ्याचं कुलूप

रायपूरला समुद्र नाही, पण प्रस्ताव लिहिणारी माणसं भरपूर आहेत. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरच्या गावांत लोककलेतून वादळाबद्दल जागृती करायचं काम रायपुरातल्या तेलीबांध्याजवळच्या आमच्या संस्थेला मिळालं. ऑफिसात नीट मराठी लिहिता येणारी मी एकटीच. भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात, मामाकडे राहून शिकलेली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. माझं तुटकं इंग्रजी ऐकूनही ज्या सरांनी मला नोकरी दिली, त्यांचे उपकार मी आजही मानते. पुढचं सगळं त्या उपकारापायीच झालं.

बाबा रायपूरला लागूनच असलेल्या बीरगांवच्या एका लोखंडाच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. तरुणपणी ते खडी गंमत करायचे. आमच्याकडची ही लोककला ढोलकी, नाच्या आणि सोंगाड्या यांच्या जोरावर उभी राहते. बाबा सोंगाड्या. मी सरांना त्यांचं नाव सुचवलं. बाबांनी दोन जुने साथीदार गोळा केले आणि बीरगांवच्या आमच्या अंगणात तालमी सुरू झाल्या. कारखान्यातून सुटलेली माणसं कुंपणाशी थांबून विचारायची, "भैया, समुंदर किधर है?" बाबा नालीकडे बोट दाखवायचे.

कोकणातल्या पहिल्या गावात पोचल्यावर बाबा सामान ठेवून लगेच निघाले. मी म्हटलं, "बाबा, थोडं बसा तरी."

"गावाचं गाऱ्हाणं घेतल्याबिगर गंमत उभी राहत नाही, पोरी," ते म्हणाले.

ही त्यांची जुनी रीत. सोंगाड्यानं दिवसा गावात फिरायचं, लोकांना काय डाचतं ते ऐकायचं आणि संध्याकाळी ते हसत हसत सगळ्यांसमोर मांडायचं. ते मासळी वाळत घालणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसले. मीही बसले. त्यांतली एक वयस्क बाई सांगत होती की वादळासाठी बांधलेल्या निवारा केंद्राला कायम कुलूप असतं. आत कुणाकुणाच्या सिमेंटच्या गोण्या ठेवल्यात. चावी तालुक्याला. मागच्या वादळात या बायका पोराबाळांना घेऊन बंद दारासमोर भिजत उभ्या होत्या.

"तेवढं बोला," ती म्हणाली. "आम्ही बोललो तर भांडण होतं. तुम्ही बोललात तर लोक हसतील तरी, आणि ऐकतील."

बाबांनी तिला शब्द दिला. दुपारी त्यांनी साथीदारांना नवा प्रवेश करून दाखवला. सोंगाड्या भिजत दारापाशी येतो आणि कुलपाला हात जोडतो, "कुलूपदादा, तुमी आत सुखात राहा, आमी बाहेर वादळाले पाहून घेतो." ढोलकीवाला हसून हसून लवंडला.

मी सरांना फोन करून विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, स्क्रिप्ट अप्रूव्ह हो चुकी है. तालुके के साहब सामने बैठेंगे. आप समझदार हैं."

समझदार. हा शब्द मला फार आवडायचा.

"बाबा, ते कुलपाचं गाळा."

"काहून?"

"वरून नको म्हणतात."

"वरून तं वादळ येते," ते म्हणाले. मी हसले नाही. मग ते म्हणाले, "बरं."

संध्याकाळी देवळासमोर सगळं गाव जमलं. बायका पुढेच बसल्या होत्या. बाबांनी पहिला अर्धा तास खूप हसवलं. मग कुलपाची जागा आली. ते थांबले. ढोलकीवाल्यानं दोनदा ठेका दिला. बाबांनी मान खाली घातली आणि मी लिहिलेलं वाक्य म्हटलं, "वादळाची सूचना मिळताच निवारा केंद्रात जावं."

बायकांमध्ये कुणीतरी फक्कन हसलं. मग एकेक करून त्या उठून जायला लागल्या. साहेब टाळ्या वाजवत होते.

सामान बांधताना ती बाई आली. आवाज चढवला नाही तिनं. "आमचं काय बोललात नाय तुम्ही."

बाबा चेहऱ्याचा रंग पुसत होते. मी शेजारीच उभी होते. ते म्हणाले, "माही पोट्टी नोकरीवर हाये, बाई."

त्यात राग नव्हता. आपण का लंगडतो, हे माणूस जसं सांगतो, तसं त्यांनी ते सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

रायपूरला परत आल्यावर अहवालात 'स्थानिकांचा प्रतिसाद' या रकान्यात मी 'उत्स्फूर्त' असं लिहिलं. सर खूश झाले. पुढच्या गावांसाठी हीच मंडळी न्या म्हणाले. मी घरी येऊन बाबांना सांगितलं.

"दुसरा पाहून घे," ते म्हणाले. "तुह्या कागदावरचं कोणीबी म्हणन."

रायपूरच्याच भनपुरीला एक सोंगाड्या मिळाला. त्यानं दोन दिवसांत सगळं पाठ केलं. गावी पोचला की तो जेवतो, झोपतो आणि प्रयोगाच्या वेळेला उठतो. त्याचं काम नीट असतं. बाबांनी आजवर मला एकदाही विचारलेलं नाही, गंमत कशी झाली म्हणून.