पाणी पाज म्हणाल्या, मी तांब्या उचलला

गुजरातेत मोरबीच्या टाइल्स कारखान्यात कामाला आहे, सुट्टीच्या दिवशी खोलीत पडून करणार काय? मोबाईलवर लोक भंगारातल्या पोलादाची सुरी बनवतात, ते बघत बसायचो. एकदा खुटबावच्या मामांना फोनवर बोलून गेलो, "औंदा गावी आलो की मी पण बनवणार."

मामा म्हणाले, "तुला पेन्सिलीला टोक करता येत न्हवतं म्हणून तू सातवीतनं शाळा सोडली. तू सुरी करणार व्हय?"

झालं, पैज लागली. माझ्या सुरीनं एका घावात ऊस तुटला तर मामांची मिशी जाणार, नाही तुटला तर माझी. मामांची मिशी खुटबावात कुणालाही विचारा. माझी जेमतेम उगवलेली, पण गावी गेल्यावर पहिल्याच रविवारी वडगाव रासाईला मुलगी बघायला जायचं होतं. पाठवलेल्या फोटोत बघण्यासारखी काय ती मिशीच होती.

अहमदाबादला गाडी बदलून दौंडला उतरलो. तुम्ही जाणार असाल तर स्टेशनाबाहेर आधी पोटभर खाऊन घ्या, भंगारात उपाशीपोटी हात घालवत नाही. मला जीपचा जुना कमानपाटा हवा होता, चाकावर स्प्रिंगसारखा असतो तो.

भंगारवाल्यानं विचारलं, "गाडी किधर है?"

"गाडी नहीं, चाकू बनाने का है."

"किसके लिए?"

"मामा के लिए."

तो दोन पावलं मागं सरला. पाट्याचा तुकडा वडापावच्या भावात दिला, मी लवकर जावं म्हणून.

तिथून चौफुला, आणि चौफुल्यावरून पारगावच्या बाजूची जीप. भरल्याशिवाय हलत नाही, घाई असली तरी गप बसायचं. भीमेच्या पुलापल्याड दोन्ही अंगाला ऊसच ऊस. लहानपणी चोरून खाल्लेला तोच ऊस आता माझ्याकडं वैऱ्यासारखा बघत होता.

मांडवगण फराट्यात शेवंतामावशी आणि आप्पा, दोघं नवराबायको, भट्टी चालवतात. आप्पा भाता फिरवतात, मावशी घण मारतात. मी म्हणालो, सगळं मीच करणार, तुम्ही फक्त सांगा. मावशींनी घण हातात दिला. थोड्या वेळानं माझा दंड गळून पडायला आला आणि पाटा मात्र होता तसाच.

"पाव्हणं, पाटा झोपलाय जणू," मावशी म्हणाल्या. "जरा जोरात उठवा."

नवी पँट घालून जाऊ नका. माझ्या पँटीला ठिणग्यांनी गुडघ्यावर खिडक्या पाडल्या. पण कानशीनं घासता घासता दुपारपर्यंत खरंच सुरीसारखं काहीतरी दिसायला लागलं. मग ती भट्टीत लालबुंद केली, सांडशीत धरून बाहेर काढली आणि मावशी ओरडल्या, "पाणी पाज! बिगीनं पाणी पाज!"

मी सांडशी खाली टेकवली, तांब्या उचलला आणि आप्पांना दिला. आप्पांनीही गटागटा पिऊन टाकलं.

"आरं त्यास्नी न्हाई, सुरीला! ह्ये काय तापल्यात व्हय?"

सुरी पुन्हा लाल केली. आता चुकायचं नाही म्हणून मावशींनी तोंड उघडायच्या आत सुरी पाण्याच्या बादलीत खुपसली. चर्र झालं, मग बारीक टिंग.

मावशींनी कपाळावर हात मारला. "पाटा त्येलात बुडवायचा आसतो, पाण्यात तडकतो."

"मग पाणी पाज का म्हणता?"

"म्हणायचं पाणी, पाजायचं त्याल. शाळा कितवी?"

"सातवी."

"मग बराबर हाय. निम्म्यात चीर गेलीया बघ. कांदा काप, उसाच्या वाटंला जाऊ नगंस."

बाभळीची मूठ बसवली आणि खुटबाव गाठलं. "जय भीम मामा, चला उसात." चिरीचं सांगायचं तेवढं राहून गेलं.

ऊस मामांनीच निवडला, मनगटाएवढा. डोळे मिटून घाव घातला. खच्च! डोळे उघडले तर ऊस आडवा, मुठीत निम्मी सुरी, बाकीची निम्मी सरीतल्या चिखलात.

"सुरी मेली," मामा म्हणाले. "पैज मी जिंकली."

"आधी ऊस मेला."

बांधावरून मामींनी निकाल दिला, "ऊस तुटला म्हंजी तुमची गेली. सुरी तुटली म्हंजी ह्याची गेली. चला, दाढीला पाणी तापवते." मामींच्या पुढं अपील चालत नाही.

रविवारी वडगाव रासाईला आम्ही दोघं सोललेल्या कांद्यासारखे बसलो. मुलीनं, प्रज्ञानं, पोहे ठेवले, माझ्याकडं बघितलं. "फोटोत मिशी होती."

मामांना ठसका लागला. मग मी सगळं सांगितलं, तांब्यापासून. सांगण्याच्या भरात चीरसुद्धा बोलून गेलो.

"चीर व्हती?" मामांचा हात मिशीकडं गेला, मिशी नव्हती. "आन् बोलला न्हाईस?"

प्रज्ञा तोंडाला ओढणी लावून हसली. "म्हंजी सुरी ऱ्हायली बाजूला, मामांनाच पाणी पाजलं."

आता परत मोरबीत. उरलेली निम्मी सुरी दगडावर घासून टोक काढलंय. वाकडी आहे, पण खोलीतले कांदे तीच कापते, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नाही. मामा अजून फोनवर नीट बोलत नाहीत. वडगाव रासाईहून मात्र काल मेसेज आला, "सुरीचा फोटो पाठवा. आणि मिशी आली की तिचाही."

सुरीचा लगेच पाठवला. मिशीला रोज सकाळी खोबरेल पाजतोय.