खांबाची चौथी फेरी

त्याला सगळे खांब म्हणायचे. अंगाने तो मुळीच खांबासारखा नव्हता. उलट तो वाजवायचा त्या डबल बासशेजारी, म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिनसारख्या वाद्याशेजारी, उभा राहिला, की बास खाऊनपिऊन सुखी दिसायचा आणि हा त्याची उतरवून ठेवलेली गवसणी. नाव पडलं ते एका रेकॉर्डमुळे. नावावरच भागलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती.

रेकॉर्ड त्याच्या भाऊजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. भाऊजी सॅक्सोफोन वाजवायचे आणि त्यांची चौघांची जॅझ मंडळी होती. पियानोवाला, ड्रमवाला आणि बासवर हा मेहुणा. खांब दिवसा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला जायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर बूट ठेवायचा आणि चेहरा असा ठेवायचा, की आपल्याला जिवाची काहीच पर्वा नाही. या कामाला लागणारी शांतता त्याच्याकडे उपजतच होती, आणि ताईच्या घरात त्या शांततेला बाराही महिने सराव मिळायचा.

लग्न त्याने केलं नाही. राहायचा ताईकडेच, तळमजल्यावरच्या खोलीत. बास जिन्याने वर जात नाही, म्हणून बास खाली, म्हणून बासवाला खाली, म्हणून तालीमही खालीच. पियानो खिडकीला टेकवून ठेवलेला. खिडकी उघडायची तर आधी पियानो हलवायचा आणि पियानो हलवायला चौघं लागायचे, त्यामुळे वारा फक्त तालमीच्या दिवशी मिळायचा. ड्रमवाल्याच्या झांजा कपाटावर, भाऊजींची खुर्ची दारात. पलंग तेवढा खांबाचा स्वतःचा, त्यावर पियानोवाला जेवून येऊन लवंडायचा.

"खांबराव, उशी बदला हो. मान अवघडते," असंही वर म्हणायचा.

आता ती रेकॉर्ड. खूप वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी, भरलेल्या हॉलमध्ये, लोकांसमोर वाजवता वाजवताच ती भरून घेतली होती. नावही तेच ठेवलं, 'रविवारची दुपार'. या मंडळींची वाजवायची रीत अशी: आधी सगळ्यांनी मिळून मूळ चाल वाजवायची, मग त्याच चालीच्या सांगाड्यावर एकेकाने आपल्या मनचं वाजवत फेऱ्या मारायच्या. पुरे झालं, की भाऊजी डोक्यावर हात ठेवणार. डोक्यावर हात म्हणजे परत मूळ चालीवर या. बोलून सांगता येत नाही, कारण तोंडात सॅक्सोफोन.

त्या दुपारी तिसऱ्या फेरीच्या शेवटी भाऊजींच्या टकलावर माशी बसली.

भाऊजींनी ती हाकलली. एवढंच. पण पियानोवाल्याने आणि ड्रमवाल्याने इमानदारीत मूळ चाल उचलली. भाऊजी आपल्याच तंद्रीत पुढे गेलेले, ते दचकून थांबले. ते थांबले म्हणून पियानो थांबला, पियानो थांबला म्हणून ड्रम. आणि खांब? तो डोळे मिटून उभा. सोमवारी एक काकू परीक्षा द्यायला जाणार होत्या आणि त्यांना रिव्हर्स काही केल्या जमत नव्हता, त्याचा विचार त्याच्या डोक्यात. हातांनी आपलं आपण चौथी फेरी सुरू केली. अख्खी फेरी एकटा बास. अर्ध्यात त्याने डोळे उघडले, तर तिघं त्याच्याकडे बघतायत आणि हॉलमध्ये चिडीचूप. घामाने बोट घसरलं, नको तो सूर लागला. मग कुठलाही वाजवणारा करतो तेच त्याने केलं. तोच चुकीचा सूर पुन्हा दोनदा, छाती काढून वाजवला, म्हणजे लोकांना वाटावं मुद्दामच आहे. फेरी संपता संपता भाऊजी एक लांब, हळुवार सूर घेऊन आत आले आणि लोकांनी हॉल डोक्यावर घेतला.

रेकॉर्डच्या मागे एका मोठ्या समीक्षकाने लिहिलं, 'सारं कोसळल्यावर उभा राहिलेला एकटा खांब.' झालं बारसं.

भाऊजी मुलाखतीत सांगू लागले, की ते सगळं योजलेलं होतं. चार-पाच मुलाखतींनंतर त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं. माशीचा विषय घरात निघेनासा झाला. आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात तिसऱ्या फेरीच्या शेवटी भाऊजी डोक्यावरून हात फिरवायचे, दोघं थांबायचे आणि खांबाने ती फेरी वाजवायची. तीच, तशीच, त्या घसरलेल्या सुरासकट. लोकांना ती पाठ होती. एकदा अंगात आलं म्हणून त्याने नको तो सूर टाळून बरोबर सूर लावला, तर कार्यक्रमानंतर एक जाड चष्मेवाले गृहस्थ मुद्दाम भेटायला आले.

"आज चुकलात तुम्ही," ते कळवळून म्हणाले.

"नाही हो. तेव्हा चुकलो होतो."

गृहस्थ पोट धरून हसले. खांबाच्या विनोदबुद्धीचं त्यांनी पुढे चार लोकांत कौतुक केलं.

दुसऱ्या मंडळींनी मधून मधून त्याला बोलावून पाहिलं. पण भाऊजींना सोडायचं म्हणजे ताईला सोडायचं, खोली सोडायची, रविवारचं एका टेबलावरचं जेवण सोडायचं. कुणी अडवलं नव्हतं. फक्त बाहेर पडायची वाट सगळ्यांच्या पायांवरून जात होती.

तरी एक गोष्ट त्याने गुपचूप केली. स्वतःची एक चाल बांधली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, एका मोठ्या चौकात. शिकाऊ लोकांना तिथे वळायला धीर होत नाही. इंडिकेटर टिकटिकत राहतो, मागचे हॉर्न मारत राहतात आणि शिकवणाऱ्याला गुणगुणण्यावाचून उद्योग नसतो. त्या टिकटिकीवर त्याला चाल सुचली. पहिला अर्धा भाग नुसता थांबलेला, एकाच जागी पाय हलवणारा. आणि मग दुसऱ्या अर्ध्यात ती एकदम सुटायची, उतारावर सोडल्यासारखी. घरी कुणी नसलं की तो ती वाजवून बघायचा. त्याच्या हातून झालेली ही पहिलीच गोष्ट होती, जी चुकून झाली नव्हती.

आणि भाऊजींनी जाहीर केलं, की त्याच हॉलमध्ये, रविवारीच, दुपारीच, नवीन रेकॉर्ड भरायची. कार्यक्रम तोच. भाऊजींचा दम आता कमी झाला होता, ही शेवटची असणार हे सगळ्यांना कळत होतं. खांबालाही कळत होतं, की आता नाही तर कधीच नाही. त्याने आधी ताईला गाठलं. ती बटाटे सोलत होती.

"ताई, भाऊजींना सांग ना. चौथ्या फेरीत मी माझं काहीतरी वाजवतो."

"तुझं म्हणजे? ती तुझीच तर फेरी आहे."

"ती माशीची आहे."

ताईने सुरी खाली ठेवली. "हळू बोल. हे वरच आहेत. आणि हे बघ, त्यांच्या छातीचं तुला माहितीये. आता या वयात त्यांना काही नवीन नको. तूच विचार बाबा, मी मध्ये पडणार नाही."

असं म्हणून ती जेवताना बरोबर मध्ये पडली. "अहो, हा काहीतरी वेगळं वाजवतो म्हणतोय."

भाऊजींनी घास थांबवला. "कुठे?"

"चौथ्या फेरीत," खांब म्हणाला. "एक चाल आहे. ऐकवू का जेवण झाल्यावर?"

"अरे, काय कमी आहे तुला?" भाऊजी रागावले नाहीत, तेच वाईट होतं. त्यांना मनापासून नवल वाटलं होतं. "त्या दोघांना कधी मी एकटं सोडलंय? अख्खी फेरी तुला दिलीये, मोकळं रान! मेहुण्याचे लाड करतो म्हणून ती दोघं मला बोलतात. लोक तिकीट काढून ती फेरी ऐकायला येतात, आणि तू... मीठ दे जरा."

खांबाने मीठ दिलं. ऐकवायचं राहूनच गेलं. पण रात्रीत त्याचं ठरलं, की विचारायचं नाही. वाजवायचं.

रविवारी हॉल गच्च भरला. पुढच्या रांगेत ताई, मांडीवर पर्स. प्रत्येक वाद्यासमोर मायक्रोफोन. तिसरी फेरी संपत आली तसे लोक सावरून बसले. भाऊजींनी डोक्यावरून हात फिरवला आणि हात खाली यायच्या आतच टाळ्या पडल्या. पियानो थांबला, ड्रम थांबला.

खांबाने डोळे मिटले नाहीत. त्याने आपली चाल सुरू केली.

टिकटिक, टिकटिक. एकाच जागी. पियानोवाल्याने मान वर केली. ड्रमवाल्याच्या भुवया वर गेल्या आणि मग त्याचं बोट नकळत मांडीवर ताल धरू लागलं. हॉलमध्ये कुजबुज झाली आणि विरली. लोक ऐकत होते. त्याला ऐकत होते. पाठ असलेलं ऐकणं वेगळं असतं, हे तो विसरूनच गेला होता. अर्धी फेरी सरली. आता पुढचा सूर लावला की चाल सुटणार.

आणि भाऊजी आत आले.

ते एवढ्या लवकर यायचे नव्हते. पण ओळखीचं काहीच ऐकू येईना तसे ते घाबरले, आणि माणूस घाबरला की पाठ असलेलं आधी तोंडात येतं. तोच लांब, हळुवार सूर. पण खाली त्याला उभं राहायला जागाच नव्हती. दोन चाली एकमेकींच्या अंगावर आल्या. सूर थरथरला. मायक्रोफोन चालू, म्हणून भाऊजींना तो सोडवेना, आणि दम संपत आलेला. त्यांनी खांबाकडे पाहिलं. खांबाला राग अपेक्षित होता, रागाची त्याने तयारी केली होती. पण ती नजर त्याला रोजच्या कामातली निघाली. भर चौकात गाडी बंद पडल्यावर शिकाऊ माणूस शेजारी बघतो तशी. पुढच्या रांगेत ताई पर्स छातीशी धरून अर्धी उठली होती.

खांबाचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. बोटं जुन्या जागेवर गेली आणि त्याने तो नको तो सूर लावला. एकदा, आणि मग आणखी दोनदा.

भाऊजींचा सूर खाली टेकला. लोक उभे राहिले.

पडद्यामागे भाऊजींनी त्याला मिठी मारली. शर्ट घामाने चिंब. "आधी सांगायचं नाही का रे गाढवा!" एवढं म्हणून ते कितीतरी वेळ खुर्चीत बसून राहिले. ताईने त्यांना पाणी दिलं आणि भावाकडे बघितलं.

रेकॉर्ड निघाली. तो मोठा समीक्षक अजून हयात होता. त्याने लिहिलं, की खांब या वेळी एक अनोळखी वाट धरतो, ऐन तोंडाशी थबकतो आणि घरी परततो. या थबकण्यातच त्याची थोरवी आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने ते कापून काचेवर चिकटवलं. कार्यक्रमांची बोलावणी पुन्हा येऊ लागली आणि डॉक्टर नको म्हणत असताना भाऊजींना दम आला.

पहिल्याच तालमीला चौघांनी पियानो थोडा हलवला, खिडकी उघडली. पियानोवाला पलंगावरून उठून पियानोशी बसला. भाऊजी दारातल्या खुर्चीत.

"चौथी फेरी घेऊ. टिकटिक कर तू. अर्धी झाली की मी येतो. तू लगेच तोडायचं आणि जुन्यावर यायचं, रेकॉर्डवर आहे अगदी तस्सं."

खांबाने टिकटिक केली. अर्ध्यावर भाऊजी आले, याने तोडलं.

"जरा उशिरा तोडलंस. पुन्हा."

पुन्हा झालं. पुन्हा झालं. मग खांबाने बास छातीवरून थोडा बाजूला केला.

"भाऊजी, त्याला पुढे आहे. पुढचं एकदा वाजवू का? नुसतं इथं, खोलीत."

भाऊजींनी सॅक्सोफोनचा गळ्यातला पट्टा नीट केला. विचारात पडल्यासारखे दिसले. प्रेमाने म्हणाले, "अरे, पण पुढचं रेकॉर्डवर कुठे आहे?"

"नाही, रेकॉर्डवर नाहीये."

"मग? चल, घे. टिकटिकपासून."

खांबाने बास पुन्हा छातीशी घेतला.